उतरवून दिलेली वही

आमच्याकडे दहावीची परीक्षा आणि राब एकाच वेळी पेटतात. शिमगा तोंडावर आला की शेताच्या ज्या तुकड्यात पुढे भाताचं रोप करायचं असतं, तिथे शेण, पालापाचोळा आणि तोडलेल्या फांद्यांचा थर रचतात, वर माती पसरतात आणि पेटवून देतात. जमीन भाजून निघाली की रोप जोमाने वर येतं म्हणे. मुलांचंही तसंच असतं, असं आमच्या शाळेच्या निरोप समारंभात दर वर्षी कोणी ना कोणी पाहुणा सांगतो आणि टाळ्या घेतो. मला हसू येतं. भाजण्याआधी जमिनीला कोणी विचारलेलं नसतं.

यंदाही धूर आला. मुरबाडच्या पुढे आमची शाळा शेतांना लागून आहे, त्यामुळे खिडक्या लावल्या तरी तो येतोच. दहावीचा उजळणीचा तास होता. मी फळ्यावर 'रन' लिहिलं आणि पोरांना विचारलं, "पाणी संपतं, तांदूळ संपतो, वेळ संपतो. या 'रन'ला पुढे काय लावाल?" तिसऱ्या बाकावरची प्राची ताडकन उठली. "मॅडम, रन ओव्हर. इन मे, वी रन ओव्हर वॉटर."

संपण्याला इंग्रजीत 'रन आउट ऑफ' म्हणतात. 'रन ओव्हर' म्हणजे गाडीखाली चिरडणं. मुलं चुकतात, त्यात नवल नाही. इतकी वर्षं शिकवतेय, त्यांच्या चुका मला तोंडपाठ आहेत. कोणत्या गावचं पोर कुठे अडखळेल हेही मी सांगू शकते. पण ही चूक पोराटोरांची नव्हती. मी ती ऐकताक्षणी ओळखली. सोळाव्या वर्षी, पूर्ण शुद्धीवर असताना, निळ्या शाईने आणि सुवाच्य अक्षरात ती मीच केली होती. प्राचीच्या आईसाठी केली होती.

प्राचीची आई वनिता, म्हणजे माझी चुलत बहीण वनी. डोळखांबच्या पुढे डोंगराला टेकलेलं आमचं गाव. एका अंगणात दोन दारं, एक तिचं आणि एक माझं. दोघी एका वर्गात, एका बाकावर. लोक म्हणायचे, सख्ख्या बहिणींहून सख्ख्या. लोकांना काय, अंगण एक दिसलं की ते मनंही एकच धरून चालतात.

आमच्या इंग्रजीच्या सरांचा एक नियम होता. सर प्रश्न विचारत आणि ज्याला येत नसे तो उभा राहत असे. मग एखाद्याला उत्तर आलं की त्याने उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या थोबाडीत द्यायची. सरांचा हात दुखत नसे आणि वर्गात चुरस राहत असे. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी हा प्रकार पाहिलेला आहे आणि पुष्कळजण तो हसत हसत सांगतात. हसणारे बहुतेक मारणाऱ्यांपैकी असतात.

उत्तर बहुधा वनीला येत असे. एकदा ऐकलं की तिच्या डोक्यात ते खिळा ठोकल्यासारखं बसायचं. मी दुसरी. दुसरी असणं फार वाईट, कारण पहिलीच्या अगदी शेजारी बसावं लागतं. तर वनी उत्तर देई आणि ओळीने निघे. दुसऱ्यांना बेताची मारी. माझ्यापाशी आली की नुसता गालाला हात लावी, झोपलेल्या पोराला लावावा तसा. सर ओरडत, "मारतेस का आरती ओवाळतेस?" आणि मारायचं कसं ते दाखवण्यासाठी तिच्याच गालावर एक देत. पुढच्या वेळी ती पुन्हा मला हात लावी आणि पुन्हा स्वतः खाई. बाकावर बसल्यावर माझ्याकडे बघून हसे.

ते हसणं मला सहन होत नसे. कोणी आपल्यासाठी मार खावा आणि वर हसावं, हे उपकार पचवायला मोठं मन लागतं. माझं नव्हतं. तिने मला एकदा फाडकन दिली असती तर कदाचित पुढचं काही घडलंच नसतं. ही पळवाट मी कितीदा तरी वापरून पाहिली आहे. ती कुठेच निघत नाही.

एकदाच तिला उत्तर आलं नाही आणि मला आलं. आदल्या रात्री काकीला ताप होता, वनी जागी होती, हे मला माहीत होतं. मी इतक्या जोरात मारली की तिच्या कानातली कुडी उडून बाकाखाली गेली. सर म्हणाले, "याला म्हणतात मारणं." अर्धा वर्ग गुडघ्यांवर बसून कुडी शोधत होता. वनीच म्हणाली, "गावली गो, गावली. काय नाय झालं." तिच्या गालावर माझी चार बोटं होती आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं. फार दिवसांनी भूक भागल्यासारखं वाटलं.

त्याच वर्षी माघात आटगावची आत्या आली. आटगावला स्टेशन आहे, तिथून कॉलेजात जाता येतं, म्हणून दहावीनंतर आम्ही दोघी तिच्याकडे राहणार असं लहानपणापासून धरलेलं होतं. आत्याने चहा खाली ठेवला आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "माजं घर दीड खोलीचं. दोघी नाय मावायच्या. जिला इंग्रजीत जास्ती पडतील ती माज्याकडं येल. आजकाल इंग्रजीबिगर कोन इचारतंय? दुसरीचं तुमी बघा." दुसरीचं बघायचं म्हणजे काय, हे अंगणातल्या कोंबड्यांनाही कळत होतं. काका म्हणाले, "बराबर हाय." बाबा म्हणाले, "बराबर हाय." वनीने माझा हात धरला. माझं मन हिशेबाला लागलं होतं आणि त्या हिशेबात मी कुठेच जिंकत नव्हते.

शिमग्याला आत्याचा मुलगा, दिनेशदादा, गावी आला. तो तेव्हा मुंबईत परदेशी लोकांचे फोन घेण्याच्या नोकरीला लागला होता. त्याच्याकडे एक वही होती. फोनवरची माणसं खरोखर जे बोलतात ते तो तिच्यात टिपून ठेवी. क्रियापद जुनंच, आपल्या ओळखीचं, पण त्याच्या पाठीमागे एखादा इवलासा शब्द यायचा आणि सगळं फिरवून टाकायचा. होल्ड म्हणजे धरणं, होल्ड ऑन म्हणजे जरा थांबा. हँग म्हणजे टांगणं, हँग अप म्हणजे फोन ठेवून देणं. पुट आउट म्हणजे विझवणं, पुट थ्रू म्हणजे जोडून देणं. दादा म्हणाला, "पयल्या महिन्यात मी लय शिव्या खाल्ल्या. आपन पुस्तकातलं लांब लांब बोलतो, ते लोक असंच बोलतात. हे पाठ करा, पेपरात घाला. तपासनारा खूश होईल. परवा मला ड्यूटी हाय, तवर उतरवून घ्या."

आपल्याला हे अगदीच परकं नाही. आपल्याही क्रियापदांना शेपूट असतं, फक्त आपण दुसरं क्रियापद जोडतो. ऐकणं वेगळं, ऐकून घेणं वेगळं. देणं वेगळं, देऊन टाकणं वेगळं. बोलणं वेगळं आणि बोलून बसणं तर फारच वेगळं. पण 'टाकणं'मध्ये काहीतरी टाकलेलं जाणवतं, मराठी कानाला त्याचा सुगावा लागतो. इंग्रजीतल्या त्या इवल्या शब्दांचा आम्हाला काहीच सुगावा लागत नव्हता. 'आउट' म्हणजे बाहेर, मग त्याने विस्तव का विझावा? कोणी तर्क लढवून तिथे पोचत नाही. पुढे बी.ए.ला, एम.ए.ला मी यावरची जाडजूड पुस्तकं वाचली. त्यांतही शेवटी एवढंच निघालं की लोक असं बोलतात म्हणून असं. सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायचा आणि पाठ करायचं. हे मला एम.ए. होण्याच्या पुष्कळ आधी, त्या शिमग्याच्या दुपारीच कळलं होतं.

अभ्यासाची सुट्टी लागली होती. काकी अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे वनीला राबासाठी पाला आणायला आणि राब भाजायला जावं लागे. मी तिला म्हटलं, "तू जा. माझं अक्षर चांगलंय. मी माझ्यासाठी उतरवते आणि तुझ्यासाठीही उतरवते." ती म्हणाली, "किती गो करशील तू माज्यासाठी!" आणि विळा कमरेला खोचून गेली.

मी ओटीवर बसले. समोर दादाची वही, डावीकडे माझी, उजवीकडे तिची. पहिली दोन पानं मी खरी उतरवली. तिसऱ्या पानावर माझा हात थांबला. नंतर तो थांबला नाही. सगळं चुकीचं लिहिलं असतं तर एखाद्या वेळी पकडलं गेलं असतं, म्हणून पाचातलं एक चुकवलं. विझवण्याला 'पुट अप'. भेटायला जाण्याला 'कॉल ऑफ', जो खरं तर बेत रद्द करण्याचा शब्द. संपण्याला 'रन ओव्हर'. प्रत्येक खोट्याच्या आजूबाजूला चार खरी ठेवली, ती साक्ष द्यायला. तिच्या वहीला मी कव्हरही घातलं. माझ्या वहीला घातलं नव्हतं.

संध्याकाळी ती आली तेव्हा हातापायांना राख, केसांत पाला. हात धुऊन आधी तिने वही घेतली. चार दिवसांत तिचं सगळं पाठ झालं. मग पायरीवर बसून मी विचारायची आणि ती सांगायची.

"विझवणे?"

"पुट अप."

"बरोबर."

"भेटायला जाणे?"

"कॉल ऑफ."

"बरोबर."

"संपणे?"

"रन ओव्हर. बराबर ना गो?"

"बरोबर."

खोटं लिहून देणं ही एका दुपारची गोष्ट होती. हे 'बरोबर' मी रोज म्हणत होते, पेपरच्या आदल्या दिवसापर्यंत. माणसाला स्वतःचा थांग लागत नाही म्हणतात. मला त्या पायरीवर लागला आणि तो फार खोल नव्हता.

पेपरला जीपने शहापूरला गेलो. बाहेर आल्यावर वनी खुशीत होती. पत्रलेखनात तिने मैत्रिणीला लिहिलं होतं की मे महिन्यात मी माझ्या आत्याला कॉल ऑफ करणार आहे, आमच्या विहिरीचं पाणी रन ओव्हर झालं आहे. निबंधात चुलीचा विस्तव पुट अप केला होता. "दादाच्या वहीतलं सगळं घातलं गो मी, एक नाय सोडलं." मी म्हटलं, "मस्त." आम्ही दोघींनी एकच बर्फाचा गोळा आळीपाळीने चोखला.

निकाल लागला. इंग्रजीत तिला माझ्यापेक्षा चार मार्क कमी. ते चार कशाने गेले हे कोण सांगणार, असं कोणी म्हणेल. मी सांगते. आज मी स्वतः पेपर तपासते. असलं वाक्य आलं की लाल पेन कसं फिरतं ते माझ्या बोटांना ठाऊक आहे. हसतो आम्ही तपासणारे, शेजारच्याला वाचून दाखवतो.

आत्या मला घेऊन गेली. वनीने माझी बॅग जीपपर्यंत डोक्यावरून आणली. पुढच्या तुळशीच्या लग्नांनंतर काकांनी तिचं मुरबाडकडच्या एका घरी जमवलं, आणि अठरा भरल्याबरोबर बार उडवून दिला. मी कॉलेजची परीक्षा आहे म्हणून लग्नाला गेले नाही. परीक्षा नव्हती.

नंतर नोकरी मला नेमकी तिच्याच सासरच्या बाजूला लागली. याला मी योगायोग म्हणते. वनी देवाची कृपा म्हणते. तिने मुलगी माझ्याच शाळेत घातली. प्राची मला शाळेत मॅडम म्हणते आणि रस्त्यात मावशी. पहिल्यापासून तिचं इंग्रजी इतरांच्या पुढे होतं. कोण शिकवतं विचारलं तर म्हणायची, आई. मला छान वाटायचं. वनी चुलीपाशी बसवून पोरीला काहीतरी वाचायला लावत असेल, एवढंच मी धरलं होतं. कशातून वाचून घेते, हे मी कधी विचारलं नाही. चोराच्या मनात चांदणं असतंच. मी फक्त त्या बाजूची खिडकी लावून घेतली होती.

तर तो तास. प्राची उभी होती. मी फळ्यावर 'रन आउट ऑफ' लिहिलं आणि म्हटलं, "चूक. हे बघ, असं." वर्ग वहीत लिहू लागला. प्राची बसली नाही.

"पन मॅडम, आई रन ओव्हरच सांगते. तिच्या वहीत हाय तसं. ती वही तुमीच लिवून दिलीय ना?"

मुलांच्या माना वर झाल्या. 'मीच चुकीचं लिहून दिलं' एवढं म्हणायला अर्धा क्षणही लागला नसता. निदान 'लहानपणी माझ्याकडून चुकलं असेल' हे तरी म्हणता आलं असतं. ते अर्धं खोटं तरी थोडं माणसातलं झालं असतं. मी म्हणाले, "मी बरोबरच लिहिलं होतं. तुझ्या आईने वाचताना घोळ घातला असेल. चूल फुंकणाऱ्या बायकांकडून इंग्रजी शिकायचं नसतं बाळा."

वर्ग खदखदून हसला. माझा विनोद नेहमीच लागू पडतो, तशी माझी ख्याती आहे. प्राचीही हसली, उशिरा, बाकीच्यांकडे बघत बघत. मग ती बसली आणि तिने काहीतरी खोडलं.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत वनी आली. हातापायांना राख होती, तिच्याही शेतात राब भाजणं चाललं होतं. पदराला हात पुसून तिने पिशवीतून वही काढली. कव्हर बदललेलं होतं, आत माझं अक्षर तसंच्या तसं.

"पोरगी बोलली, माजं चुकतंय," ती म्हणाली. "धुरात बसून वाचते ना, दिसलं नसंल नीट. तूच बघ गो शैले. कुटं कुटं चुकतंय तिथं लाल पेनानं खून कर. म्हंजे मी तिला तसं सांगीन."

ती माफी मागायला आली होती. माझ्यावर ओरडायला आली असती तर मला तोंड देता आलं असतं. मी वही उघडली. पहिली दोन पानं खरी. तिसऱ्यावर 'पुट अप, विझवणे'. खाली वनीच्या बोटांचे काळपट डाग, पान उलटायच्या जागी कागद मऊ झालेला. इतक्या वर्षांत ती वही किती वेळा वाचली गेली होती हे त्या कोपऱ्यांवरून कळत होतं. ती माझ्या खांद्यावरून बघत होती. धूर नव्हता, ऊन लख्ख होतं आणि शब्द स्वच्छ दिसत होते. तिने बरोबरच वाचलं होतं, हे तिलाही दिसत होतं.

मी पेनचं टोपण काढलं आणि म्हणाले, "दादाच्या वहीतच चुकलेलं असणार गं. मी जसं दिसलं तसं उतरवलं."

"आसंल," ती म्हणाली. तिने मान हलवली, जरा हायसं वाटल्यासारखी. "मंग तू पन हेच पाठ केलं आसशील."

"हो ना."

"मंग तुजं कसं नाय चुकलं?"

तिने हे सहज विचारलं. भाजीत मीठ किती घातलंस, असं विचारावं तसं. मी तिच्याकडे पाहिलं नाही. मी म्हटलं, "आता नाही आठवत."

"नाय आठवत," ती म्हणाली. बाहेर पोरं नळावर भांडत होती. मग तिने पिशवी रिकामीच गुंडाळली. "र्‍हाऊ दे मंग. वही तुज्याकडंच ठेव. पोरीला तू नीट सांग, तिला फुडं जायचं हाय." जाताना तिने वऱ्हांड्यातल्या शिपायाला जीप कधी आहे ते विचारलं. माझ्याकडे वळून पाहिलं नाही आणि मीही तिच्या पाठीमागे गेले नाही. बोलावं असं दहा वेळा वाटलं. दहाही वेळा मी पुढच्या तासाचं हजेरीपुस्तक शोधत होते.

सराव परीक्षेत प्राचीला इंग्रजीत वर्गात सर्वांत जास्त मार्क पडले. एकही इवला शब्द चुकला नाही. तिच्या पेपरवर मी लाल शाईने शाबासकी लिहिली. पेपर घरी सहीला जातात. प्राचीच्या पेपरवर दर वेळी वनीची सही असते, इंग्रजीत, 'व्ही' मोठा काढून आणि खाली रेघ ओढून. या वेळी पेपर परत आला तेव्हा सही वडिलांची होती. मी प्राचीला विचारलं, आई घरी नव्हती का?

"होती ना," ती वही भरता भरता म्हणाली. "आई बोलली, मला इंग्रजीतलं काय कळतंय."